उपाशी पोटची झाम्बेता

झाम्बेता लुकुमी नावाच्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होती, हे तिचं पहिलं दुर्दैव. ग्रीसमधल्या सीरोस बेटावर, एर्मूपोलीच्या बंदरामागच्या गल्लीत तो कारखाना. मोठाल्या कढयांत साखरेचा पाक आटायचा, वर गुलाबपाणी पडायचं, आणि गार झालेल्या थाळ्यांमधून झाम्बेता चौकोनी वड्या कापून पिठीसाखरेत घोळवायची. संध्याकाळी घरी निघायची तेव्हा तिच्या भुवयांवरही साखर असायची. इतक्या जाड बाईच्या भुवयांवर साखर दिसल्यावर लोकांना आणखी पुरावा कशाला हवा?

खरं तर तिने उभ्या आयुष्यात एक वडी तोंडात टाकली नव्हती. हे ती सांगायची तेव्हा कारखान्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. "खरंय गं, तू वाऱ्यावरच जगतेस," असं म्हणायच्या. पुढे तिने सांगणं सोडलं. मूग गिळून गप्प बसायची, आणि बेटावरच्या लोकांना त्या मुगांचाही संशय.

ईस्टरआधीचा मोठा उपास सीरोसवर लोक आपापल्या सोयीने पाळतात. मांस-अंडी बंद, पण कालवं आणि तिळाचा हलवा यांच्यावर ताव मारायला देवाची ना नाही. झाम्बेता मात्र तेलसुद्धा टाळायची. उकडलेली रानभाजी, चार ऑलिव्ह, पाव. एका वर्षी चर्चमध्ये प्रसादाच्या रांगेत पाद्री पापा-लेओनीदासांनी तिला अडवलं. "पोरी, देवाला दिसत नाही असं वाटतं का तुला? आधी खरा उपास कर, मग ये." मागे अख्खी रांग उभी होती. ती वळली आणि डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घरी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

पण पाद्रीबुवा काय, बायका काय, परके. तिचं दुखणं घरातच होतं. तिची आई, मारूसो, हिलाही मुलीचा भरवसा नव्हता.

मारूसोने दुसऱ्या महायुद्धातला तो उपासमारीचा हिवाळा काढला होता. समुद्रात नाकेबंदी, बेटावर इटालियन शिपाई, आणि दुकानांत धूळ. तिचा तीन वर्षांचा मुलगा पांतेलीस त्या हिवाळ्यात गेला. तेव्हा झाम्बेता तिच्या पोटात होती. वसंतात ती जन्मली, एवढीशी, आणि जगली. तेव्हापासून मारूसो पावाचे वाळवलेले तुकडे फडक्यात बांधून गादीखाली ठेवायची, आणि खाण्याच्या कपाटाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून क्रुसाशेजारी गळ्यात घालायची. गादीखालचे तुकडे उंदीर न्यायचे. मारूसोला ते कधी पटलं नाही.

"या घरात उंदीर एकच आहे," ती म्हणायची, "आणि तो दारातून आडवा आत येतो."

झाम्बेता रडली की मारूसो आणखी चिडायची. "खाई त्याला खवखवे. रडतेस कशाला?"

धाकटी बहीण ओर्सा त्याच ताटात जेवून काडीसारखी राहिली, लग्न करून पिरेअसला गेली. झाम्बेतालाही एक स्थळ आलं होतं, गोदीतल्या लोहाराचं. मुलाच्या आईने तिला खालून वर एकदा पाहिलं, कॉफी संपवली, आणि पुन्हा फिरकली नाही. झाम्बेता आईपाशी राहिली. लोक काय म्हणतात याचं तिला पुढे फारसं काही वाटेनासं झालं. आईने एकदा म्हणावं, की तू चोरून खाल्लं नाहीस, एवढीच तिची इच्छा होती. एवढ्या एका वाक्याची वाट बघत ती साठीला पोचली.

मग अथेन्सहून दनाई नावाची डॉक्टरीण आली. त्या हिवाळ्यात पोटात असलेली माणसं ती शोधत होती. झाम्बेताच्या बेंबीशेजारी जाड सुई घालून तिने चिमूटभर चरबी काढून नेली. उन्हाळ्यानंतर परत आली तेव्हा झाम्बेताने हात जोडूनच विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझं काय चुकतं ते तरी सांगा."

"तुमचं काही चुकत नाही, मावशी," दनाई म्हणाली. "चरबीत मूळ पेशी असतात. काय व्हायचं ते त्यांचं ठरलेलं नसतं. बऱ्याच जणांत त्या नुसत्या पडून राहतात. तुमच्यातल्या मात्र जरा कुठे कण मिळाला की चरबीची पेशी व्हायला धावतात."

"का पण? ओर्सा माझी सख्खी बहीण."

"जनुकं सगळ्यांच्याच पेशींत असतात, घरातल्या कपाटांसारखी. पण कुठलं उघडं आणि कुठलं कुलपात, हे वेगळंच काहीतरी ठरवतं. तुमची कुलपं आईच्या पोटात असतानाच लागली असावीत. आई उपाशी होती. बाहेर दुष्काळ आहे, साठवून ठेव, हा निरोप तुम्हाला आत पोचला. दुष्काळ संपला, पण कुलपं तशीच राहिली. एका चिमटीवरून मी शपथ घेणार नाही, पण त्या हिवाळ्यातल्या बऱ्याच जणांत मला हेच दिसतंय."

"म्हणजे मी खाल्लं नाही."

"इतरांपेक्षा जास्त नाही खाल्लं, मावशी."

झाम्बेता त्या दुपारी बंदरावरून जवळजवळ पळत घरी गेली. या वयात आणि या अंगाने. मारूसो खिडकीशी बसली होती, पंचाऐंशी उलटलेली, पण डोकं शाबूत. झाम्बेताने तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पेशी सांगितल्या, कुलपं सांगितली, निरोप सांगितला.

मारूसोने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "मी बोलायचे तुझ्याशी."

"कधी?"

"त्या हिवाळ्यात. पोटावर हात ठेवून. म्हणायचे, घरात काही नाही गं बाळा, जे मिळेल ते घट्ट धर, सोडू नकोस." तिने लेकीकडे पाहिलं. "तू ऐकत होतीस होय?"

झाम्बेताला वाटलं होतं, आता आई आपल्याला जवळ घेईल. मारूसोने गळ्यातला काळा दोरा काढला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "पांतेलीसला मी काही देऊ शकले नाही," ती म्हणाली, "आणि तुला दिलं ते हे."

त्या दिवसापासून मारूसोने अन्न सोडलं. ताट पुढे आलं की ती ते लेकीकडे सरकवायची. "तू खा. तू चोरून खाल्लं नाहीस, माझंच ऐकून तुझं वाटोळं झालं." सूप केलं, मासा केला, ओर्साने फोनवरून दटावलं, सगळं फुकट. गादीखालचं फडकं तिने स्वतः सोडून झाम्बेतापुढे ठेवलं. डॉक्टर म्हणाले, म्हातारीच्या अंगात आता फार काही उरलेलं नाही. झाम्बेता किल्ली गळ्यात घालून स्वयंपाकघरात उभी राहायची. हवं होतं ते वाक्य मिळालं होतं, आणि ते आईचा जीव घेत होतं.

एका सकाळी तिने मसुराचं सूप केलं, पाव कापला, आणि आईसमोर येऊन बसली.

"आई, ती डॉक्टरीण चुकली."

"काय चुकली?"

"चरबीच्या नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणे. ते दुसऱ्याच कुणाचं होतं." झाम्बेताने खाली बघत तो आळ एकदाचा स्वतःवर घेतला. "मीच खायचे, आई. गादीखालचे तुकडे मीच खाल्ले. कारखान्यातल्या वड्या पण. रोज."

मारूसोने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू म्हातारीच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं, आणि पाठही जरा ताठ झाली.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं लावलीस कबूल करायला. दे ती किल्ली इकडे."

झाम्बेताने दोरा काढून आपल्या हाताने तिच्या गळ्यात घातला. मारूसोने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता म्हणाली, "खाई त्याला खवखवे."

"हो आई," झाम्बेता म्हणाली, आणि तिने वाडग्यात आणखी थोडं सूप वाढलं.