भाऊजींचे दुष्ट राजे

आमच्या भाऊजींनी एकाही चांगल्या राजाला घरात थारा दिला नाही. रोम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांची जुनी नाणी त्यांनी जन्मभर जमवली, पण नाणं कितीही सुबक असलं तरी त्यावरचा राजा दुष्ट नसेल तर ते परत करायचे. "भल्या माणसांची आठवण ठेवायला जग आहे," म्हणायचे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोणावळ्यात डॉक्टरकी करायचे, लग्न केलं नाही. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी माझा मिसळणाचा लाकडी डबा मागून नेला तो नेलाच. मोहरीच्या खणात आईला मारणारा नीरो, जिऱ्याच्या खणात भावाचा जीव घेणारा कॅराकॅला. मेथीच्या खणात कॅलिग्युला होता, आणि त्याला मेथीचा वास कायम राहिला. मुंबईच्या जुन्या बाजारातून, खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांकडून एकेक जण असा घरी आला. नवं नाणं आलं की ते माझ्या तळहातावर ठेवून विचारायचे, "बघा वहिनी, शिंगं दिसतात का कुठे?" शिंगं कधीच नसायची. एक तर हुबेहूब आमच्या मामेसासऱ्यांसारखा दिसायचा.

डब्याचा मधला खण मात्र रिकामा होता. तो फोकाससाठी. या फोकासने गादी बळकावली आणि आधीच्या बादशहाची मुलं त्याच्या डोळ्यांदेखत एकामागून एक मारली, मग त्यालाही मारलं. "समोर बघणारा चेहरा, टोकदार दाढी. सोन्याचा मिळाला तर बाकीचे सगळे देऊन टाकीन," असं भाऊजी इतक्यांदा म्हणाले होते की तो चेहरा मलाही पाठ झाला होता.

त्यांचा दुसरा हट्ट खरं बोलण्याचा. रोग्यालाही ते गोड बोलून फसवत नसत. खंडाळ्याच्या एका बड्या असामीला त्यांनी तोंडावर सांगितलं, "दारू सुटली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात बंगला असेल, तुम्ही नसाल." त्या माणसाने डॉक्टर बदलला. भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्यांच्या या बेडरपणाची कायम थोडी भीती वाटत आली.

एकदा जवळच्या वलवण गावातून बोलावणं आलं. तिथल्या काशीमावशीचा नातू तापाने फणफणला होता. पोराची आई भेदरलेली, म्हणून मीही सोबत गेले. भाऊजी छाती तपासायला वाकले आणि त्यांचा हात थांबला. पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक सोन्याची पुतळी होती, मावशीच्या पुतळ्यांच्या माळेतून काढून बांधलेली. पण ती पुतळी नव्हतीच. समोर बघणारा चेहरा, टोकदार दाढी. भाऊजींनी ते नाणं दोन बोटांनी अलगद बाजूला सारलं आणि नळी छातीला लावली.

पोरगा बरा झाला. शेवटच्या खेपेला काशीमावशीने ते नाणं भाऊजींपुढे धरलं. "डॉक्टर, तुमची नजर पाह्यली म्या. घ्या ह्ये. आमच्या सासूबाई म्हनायच्या, ह्यो राजा लेकरं राखतो. घरात कुनी बी आजारी पडलं की ह्योच बांदायचा. खरं का वो?"

एका वाक्याचं काम होतं. खरं सांगितलं असतं तर मावशीने ते नाणं क्षणभर घरात ठेवलं नसतं, आणि मधला खण भरला असता. भाऊजींनी नाणं हातात घेतलं, उलटसुलट करून पोटभर पाहिलं. मग पोराला जवळ ओढून त्याच्या गळ्यात परत बांधलं.

"मावशी, याला इथंच राहू द्या," ते म्हणाले. "याचं काम अजून संपलेलं नाही."

परतताना वलवणच्या धरणाच्या भिंतीपाशी ते थांबले. मग म्हणाले, "वहिनी, लेकरं मारणाऱ्याला या बायांनी लेकरं राखायला बसवलंय. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही." जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्यांनी ज्या हातांनी परत बांधलं, त्या हातांना नमस्कार करावा असं वाटलं. दीर धाकटा, म्हणून केला नाही.

पुढे काही वर्षांनी भाऊजींनाच न्यूमोनिया झाला. बातमी वलवणला पोचली आणि काशीमावशी काठी टेकत आली. कुणाला न विचारता तिने त्यांची मान उचलली आणि काळा दोरा गळ्यात बांधला. मी म्हटलं, "मावशी, हे तर लेकरांसाठी ना?"

"ह्यो कुनाचं लेकरू न्हाई व्हय?" ती म्हणाली.

भाऊजींनी चाचपून पाहिलं. बोटांना दाढी लागली असावी. "आला," एवढंच म्हणाले, आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली. थोड्या वेळाने मला जवळ बोलावून पुटपुटले, "डब्यात ठेवू नका हं. परत पाठवा. तिकडे लागेल."

भाऊजींचं दिवसकार्य झाल्यावर मी स्वतः वलवणला गेले. मावशीने दोरा हातात घेतला, पदराने नाणं पुसलं. डोळे भरून आले होते तिचे.

"न्हाई आला गुन, बाई," ती म्हणाली.

"आला, मावशी," मी म्हटलं.