सुईण घरी गेली नाही

चूल विझलेली. दार बाहेरून बर्फानं गाडलेलं. बाप गुरं बघायला गेला तो परत आला नाही, आणि ओली बाळंतीण तापानं गेली. मातीच्या त्या घरात उरलं एक तान्हं मूल आणि हॅना नावाची सुईण. वादळ शमल्यावर लोकांनी दार उकरलं, तेव्हा हॅना पोरीला कपड्यांच्या आत उराशी धरून बसली होती. बोटानं साखरपाणी चाटवून तिनं पोर जगवली होती.

हे मला एडना सांगत होती, आणि सांगता सांगता माझ्या लेकीचे डिंकाचे लाडू खात होती. "जस्ट वन," म्हणून डबा उघडायची आणि तिसऱ्यावर थांबायची. २००४ साली मी वैशालीच्या बाळंतपणाला अमेरिकेत श्रूजबरीला गेले, तेव्हाची ही शेजारीण. वय ऐंशी, पायात पुरुषी बूट, हसली की रस्त्याच्या टोकाला कळायचं. मला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं तिचं काही अडलं नाही. अडलंच तर बाळाला पाजता पाजता वैशाली मधे पडायची.

ती तान्ही पोर म्हणजे एडनाची आई, रूथ. तिचे आईबाप नेब्रास्काच्या माळावर नवी जमीन कसायला गेलेले. हॅनानं रूथला चार वर्षं सांभाळलं. मग हॅनाही गेली आणि रूथ लोकांच्या दारात वाढली. "जगात माझं कुणी नव्हतं," असं ती मरेपर्यंत म्हणायची. एडनाला तेवढं खोटं ठरवायचं होतं. आजोबांच्या आडनावाची माणसं शोधून ती थकली होती.

मी वैशालीला म्हटलं, "विचार हिला, हॅनाचं कुणी शोधलंस का?"

"आई, ती सुईण होती. परकी बाई."

"सुईण नाळ कापते नि आपल्या घरी जाते. चार वर्षं कोण राहतं? आई राहते. मी इथं कशाला आलेय, बर्फ बघायला?"

एडना म्हणाली, "पण तिचं आडनाव वेगळं होतं."

"मग माझं नि वैशालीचं एक आहे का?"

त्या दिवशी ती एकाच लाडवावर थांबली.

हॅनाच्या थडग्यावर तिचं आडनाव आणि पेनसिल्व्हेनियातलं गाव कोरलेलं होतं. एडनानं त्या गावात त्या आडनावाच्या घरांना फोन लावायला घेतले. "नाही" ऐकलं की "थँक यू, डिअर," आणि पुढचा नंबर.

बारशाच्या दिवशी ती बुटांसकट स्वयंपाकघरात घुसली. फोनवर एक म्हातारी तिला म्हणाली होती, "हॅना? आमच्या पणजीची जाऊ ती. लेकीच्या बाळंतपणाला पश्चिमेला गेली. नातीला सोडून येणार नाही म्हणाली आणि तिकडचीच झाली."

एडनानं मला कमरेला धरून गरगर फिरवलं. माझा पदर शेगडीवरच्या खिरीत. "अगं बये, सोड, दोघी पडू!" मी ओरडले. ती हसतच सुटली. मग पाळणा म्हणायला आलेल्या एकेका बाईला धरून तिनं वादळाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सुईण हा शब्द मात्र एकदाही काढला नाही.

मी परत आले, आणि दोन हिवाळ्यांनंतर एडना गेली. वैशालीनं फोनवर सांगितलं. शेवटपर्यंत लाडू मागत होती म्हणे.

त्या वादळातून दोघी वाचल्या. आजी आणि नात.