भासऱ्यांची गाडी आणि जाऊबाईंच्या तिसऱ्या

भासऱ्यांनी नवी गाडी घेतली तेव्हाच मला कळलं, आता आपल्याला कुठेतरी जावं लागणार. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नांदुऱ्याजवळ बागायती शेती, गावात वजन, आणि गाडी एवढी की गल्लीत उभी केली तर समोरच्यांना अंग चोरून घरात शिरावं लागतं. शेगावला नेऊन तिची पूजा झाली, बोनेटवर हार चढला. पण शेगावला काय, सगळेच जातात. भासऱ्यांना समुद्र पाहिजे होता. मोबाईलवर त्यांनी कोकणातलं एक बेट शोधलं. नदी समुद्राला मिळते तिथं, तोंडावरच, आणि पुलावरून गाडी थेट आत जाते असं.

"तिथलं लोकल फूड खायचं," ते म्हणाले. "घरचंच खायले थोडी जाऊन राह्यलो आपून?"

"हाव दादा," माझा नवरा म्हणाला. भावासमोर तो एवढंच बोलतो.

निघताना डिकीत शेव, चिवडा, ठेचा, ज्वारीचं पीठ आणि तवा चढला. तवा कोणासाठी, हे जाऊबाईंनी विचारलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बाई तव्यासमोरच आहे. समुद्रावरही असेल, एवढंच तिला वाटलं असणार.

बेटावर पोचलो तो गुरुवार. महाराजांचा वार, म्हणून मासे नाहीत. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी मुकाट्यानं वरण-भात केला आणि जाऊबाईंनी त्यांच्याच गॅसवर भाकरी थापल्या. शुक्रवारी सकाळी भासरे काकूंना म्हणाले, "आज चिकन जमन का?"

काकूंनी मागच्या दाराबाहेर पसरलेल्या खाडीकडे एकदा पाहिलं, एकदा भासऱ्यांकडे. "जमेल की," म्हणाल्या. "पलीकडच्या बाजारातून आणावं लागेल."

आमच्या घरची रीत सांगायला हवी. मटण-चिकन पुरुषांचं, तेही शेतात, मित्रांसोबत. बायकांनी शिवायचं नाही, घर बाटतं. भांडी मात्र घासायला घरीच येतात, तेव्हा काही बाटत नाही.

चिकन येईपर्यंत किनाऱ्यावर जाऊ म्हटलं, तर भासऱ्यांना गाडीच्या काचेवर पांढरट थर दिसला. खारं वारं पत्रा खातं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी काकूंच्या विहिरीवरून बादल्या ओढायला सुरुवात केली. माझा नवरा फडकं घेऊन मागे.

"अहो, ते प्यायचं पाणी आहे," काकू धावत आल्या. "बेटावर गोडं पाणी या एका विहिरीला. उन्हाळ्यात आम्ही अंघोळसुद्धा बघून करतो."

"दोनच बालट्या," भासरे म्हणाले.

आमच्याकडे नळाची वाट पाहत आठवडा जातो. अंगणात ड्रम, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप. पाण्यावरून याच भासऱ्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलेलं. पण दुसऱ्याच्या विहिरीशी त्यांचं काही भांडण नव्हतं.

जाऊबाई माझा हात धरून म्हणाल्या, "चाल व. मले नाही पाहावत."

ओहोटी होती. नदीच्या तोंडाशी ओल्या रेतीत बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. जाऊबाईंनी लुगडं खोचलं आणि मी काही विचारायच्या आतच त्या पाण्यात उतरल्या. रेतीत बोटं घालायची, कडक लागलं की उपसायचं. तिसऱ्या म्हणतात त्या शिंपल्यांना. घंटाभरात जाऊबाईंचा पदर भरला. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कपड्यांवर चिखल, आणि कोणाला जाब द्यायचा नाही.

काकूंनी त्या धुतल्या, उकळल्या, उघडल्या, ओलं खोबरं घालून परतल्या. "चव घेणार?" असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

उत्तर जाऊबाईंनी दिलं. "मी खाईन. मीच काढल्या न."

पाटावर बसून त्यांनी खाल्ल्या. पहिली खाताना डोळे मिटले, मग उघडेच ठेवले. मीही खाल्ल्या. तेवढ्यात भासरे हात पुसत आत आले.

"हे काय खाऊन राह्यल्या तुमी?"

"लोकल फूड," जाऊबाई म्हणाल्या.

"घरच्या बाईनं हे असं... काऊन पण?"

"भूक लागली म्हणून."

माझा नवरा सवयीनं "हाव" म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

शनिवारी निघालो. भासऱ्यांनी गाडीचं दार धरून फर्मान काढलं, "कालचे हात धुतले न नीट? शिटाले वास लागन."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, चप्पल सरळ केली आणि पुलाच्या दिशेनं चालू लागल्या. मी मागोमाग. एका गाडीपुरता तो अरुंद पूल, अख्खा आम्ही पायी गेलो. मागे ती धुतलेली गाडी बैलगाडीच्या चालीनं, हॉर्न वाजवत, आणि तिच्या मागे मासळीचा टेम्पो, दुधवाला, शाळेची रिक्षा. जाऊबाई एकदाही वळल्या नाहीत. पलीकडे पोचल्यावर झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "आता बसू."

घाट चढून झाल्यावर भासऱ्यांनी, रस्त्यावरची नजर न काढता, हळूच विचारलं, "कशा लागतात त्या?"

"तिथंच खायच्या होत्या," जाऊबाई म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

नांदुऱ्याच्या चौकात भासरे आता सांगतात की घरच्यांना समुद्राचं खाऊ घातलं त्यांनीच. जाऊबाई ऐकून घेतात. बाजारच्या दिवशी मात्र धरणाचे मासे आणायला सांगतात, आणि भासरे आणतातही. मोटरसायकलवर, पिशवी हँडलला लटकवून. गाडी त्या दिवशी ते बाहेर काढत नाहीत.