कोंड्याचा खोकला

खोकल्याची उबळ आली की आमच्या गावातले काकाजी दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरायचे. उबळ ओसरली की टोकाकडे न पाहता ते मुठीत दाबायचे अन म्हणायचे, "काही नाही जी, मिलचा कोंडा होय." असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आपण मान हलवतो अन पुढे जातो. मीही कितीतरी दिवस तेच केलं, आणि मी तर गावची आशाताई, घरोघरच्या आजाराची चौकशी करणारी.

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या राइस मिलमध्ये ते हमाल होते. घशात बसलेला कोंडा मोहाच्या दारूनं धुऊन निघतो, हे तिथल्या सगळ्या हमालांचं पक्कं मत. काकाजी मात्र घोटभरावर थांबणारे नव्हते. सकाळी चहाच्या जागी मोहाची, दुपारी जेवणाच्या जागी मोहाची. एकेकाळी धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाठीवर घेऊन गाणं म्हणत चालायचे. पुढे पुढे रिकाम्या हातानंही धाप लागायची.

थुंकीत रक्त दिसलं तेव्हा काकीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला बोलावलं. तपासणीत टीबी निघाला. गोळ्या मीच आणून दिल्या अन बजावलं, "काकाजी, दारू अन गोळ्या संगं घ्यायच्या नाहीत. लिव्हर खराब होते."

"नाही घेणार जी."

इतक्या लवकर ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. खरं तर तेव्हाच भीती वाटायला हवी होती. पुढे कधीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तू सांगतलं तसंच करून राहिलो."

दोन महिन्यांत बरगड्या मोजता येतील इतके वाळले. मी डबा उघडला, तर गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या जशाच्या तशा. मी एक पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"काऊन नाही घेतल्या?"

"तूनंच त सांगतलं, संगं नाही घ्याच्या. ज्या दिवशी पेलो, त्या दिवशी गोळी नाही घेतली. इचार काकीले."

अन न पिण्याचा दिवस त्यांच्या आठवड्यात नव्हताच. शाबासकीची वाट पाहावी तसे ते माझ्याकडे पाहत होते. दारू सोडा, हे मी दहादा म्हटलं होतं. काही झालं तरी गोळी सोडू नका, हे म्हणायचं राहून गेलं. ते अजून छातीत टोचतं.

मग रोज सकाळी समोर बसून गोळ्या गिळवल्या. ते जीभ काढून दाखवायचे, "पाह्य, गेली." पण दारू सुटली नाही. डोळे पिवळे झाले, दवाखान्यात नेलं, अन तिथून ते परत आले नाहीत.

तेरवीनंतर काकीकडे गेले. ती ओसरीवर त्यांचा दुपट्टा खांद्यावर घेऊन बसली होती. बोलता बोलता तिला उबळ आली. तिनं दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरलं, मग मुठीत दाबलं.

"काही नाही बाई, मिलचा कोंडा होय."

काकी जन्मात कधी मिलमध्ये गेली नव्हती. मी पिशवीतून थुंकी तपासायला न्यायची डबी काढली. झाकण उघडून ती तिच्यापुढे धरली.