मामाजींची वाफ

अख्ख्या वऱ्हाडात पाहुण्याला चहाआधी वाफ विचारणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. अकोल्याच्या जिनिंगात जन्मभर कापसाची धूळ छातीत भरून घेतल्यावर मामाजींना दमा मिळाला, आणि दम्यापाठोपाठ लेकीनं घेऊन दिलेलं वाफेचं मशीन. दुसरा असता तर हळहळला असता. मामाजींनी ते बैठकीत, टीव्हीच्याही पुढे मांडलं. संध्याकाळी जिनिंगातले जुने दोस्त जमले, की स्वतःची औषधाची वाफ आटोपून मशीनच्या कपात नुसतं सलाईनचं पाणी घालायचे आणि तोच मास्क चिलमीसारखा या तोंडावरून त्या तोंडावर फिरवायचे. मधली साफसफाई म्हणजे खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक. याच दुपट्ट्यानं घाम, चष्मा आणि स्कूटरची सीटही पुसली जायची.

लग्नानंतर मी अमरावतीहून पहिल्यांदा गेलो, तर जावयाचा मान म्हणून मास्क आधी माझ्यापुढे!

"मामाजी, मला दमा नाही हो."

"नाही तं काय झालं? मलेबी आंधी नोता. घ्या, लाजून काहून राहिले?"

वऱ्हाडी आग्रहापुढे कोणाचं चाललंय! घेतली. तिला तंबाखूचा, बामाचा आणि कोणाच्या तरी कालच्या ठेच्याचा वास होता. देवा रे!

मग व्हायचं तेच झालं. गेल्या हिवाळ्यात मामाजींच्याच छातीत संसर्ग झाला, दवाखान्यात राहावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घरून नेलेला मास्क नुसता हुंगला आणि अशी हजेरी घेतली, की मामाजी घरी परतले ते कट्टर होऊन. दर वाफेनंतर मास्क आणि कप साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, खळबळून झटकायचे, स्वच्छ फडक्यावर मांडायचे आणि कुरडयांची राखण करावी तसं शेजारी बसायचं. मी मदत म्हणून रुमाल काढला, तर कडाडले, "पुसू नोका! हवेनं वाळू द्या. जावई हाये म्हणून सोडलं!" दुपट्ट्याची आठवण करून देणार होतो, पण जीभ आवरली.

मास्क मात्र एकट्याचा झाला आणि मामाजींचा चेहराच उतरला. वाफ बंद केल्याचा निरोप गेल्यापासून दोस्तांपैकी कोणी फिरकलं नव्हतं. रोज संध्याकाळी खुर्च्या मांडायचे आणि फाटकाकडे बघत बसायचे. "आता माया घरी कोण येते जावईबापू, अन् कायले येईन?" मला फार वाईट वाटलं.

मग मी तिथे असतानाच एक दिवस फाटक वाजलं. जिनिंगातले दोस्त, मूळचे तेल्हाऱ्याचे तुळशीरामभाऊ, मागे सगळी टोळी.

मामाजी पडेल आवाजात म्हणाले, "तुळशीराम, वाफ नाही आता."

"मालूम हाये. डाक्टरीन म्हने आराम करू द्या, म्हणून थांबलो होतो. अन् बरं झालं बंद केली! तुया दुपट्ट्याचा लय वास येत जाय. तुले वाईट वाटन म्हणून घेत होतो बे आमी."

सगळे खुर्च्यांवर बसले. फडक्यावरचा वाळलेला मास्क उचलून मामाजींनी तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघत राहिले.

सासूबाई चहा घेऊन आल्या, जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, बटन तं दाबा."