आधी तुम्ही

सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय माझ्या थोरल्या नणंदेच्या, वन्संच्या घशाखाली घास उतरत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. एक हात कमरेवर, दुसऱ्यात डाव आणि नजर तुमच्या ताटावर. "बसा हो वन्सं," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जेव गं तू. तुम्हाला बघून माझं पोट भरतं."

नवरा गेल्यावर त्यांनी वृद्धाश्रमात वाढपाचं काम धरलं. तिथली माणसं देशोदेशीची. एकाची भाषा दुसऱ्याला नाही. वन्संना त्याचं काही नव्हतं. "भुकेला कुठं भाषा लागते?" म्हणायच्या.

मग घड्याळवाले बाबा आले. दूरदेशी घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. मुलानं इकडे आणून ठेवलं आणि तो जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला. बाबांचं बोलणं कुणालाच कळेना. वन्संनी ताट ठेवलं आणि सवयीप्रमाणे समोर उभ्या राहिल्या. बाबांनी ताटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी ताट हलकेच त्यांच्या दिशेनं सरकवलं.

रोज तेच. वन्संनी मीठ कमी केलं, भात मऊ केला, ताट बदललं. ताट मात्र सरकत राहिलं. उशाशी ठेवलेल्या दूध-बिस्किटांवर माणूस किती दिवस तगणार? गालफडं बसली. मुलाचा फोन समुद्रात लागेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सोमवारी नाकातून नळी घालू."

त्या दिवशी वन्सं आमच्याकडे आल्या त्या धुमसतच. "माझ्या हातचं नको त्याला! ताट असं लोटतो, जशी मी कोणी परकीच."

हे म्हणाले, "ताई, तुझ्या वाढण्याला नाही म्हणणारा पहिलाच मर्द भेटला. आमची कधी छाती झाली नाही."

एरवी वन्संनी भावाचा कान पिळला असता. आज नुसत्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. "नळी घातली की हात बांधतात रे म्हाताऱ्यांचे."

रविवारी दुपारी वाढता वाढता त्यांचा गुडघा धरला. बाबांशेजारच्या खुर्चीत त्या धपकन बसल्या. ताट पुन्हा त्यांच्याकडे सरकलं. वन्संचं डोकंच फिरलं. "विष नाही घातलं त्यात! हे बघा!" म्हणत त्यांनी ताटातला एक घास तोंडात टाकला.

बाबांनी मान डोलावली. ताट जवळ ओढलं, चमचा उचलला आणि जेवू लागले. अगदी सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.

सोमवारी नळी आली तशी परत गेली. पुढं मुलाचा फोन लागला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या घरात उभ्या माणसासमोर कुणी जेवत नाही. वाढणाऱ्यानं शेजारी बसायचं, पहिला घास त्याचा.

"अगं, तो 'आधी तुम्ही' म्हणत होता," वन्सं मला म्हणाल्या, "आणि मी उभी राहून तेच म्हणत होते. दोघांच्या मानपानात बिचारा उपाशी मेला असता."

त्यानंतर रोज त्या बाबांशेजारी बसून पहिला घास घेत. उष्ट्याखरकट्याच्या नियमावरून आश्रमाच्या मुख्य बाई कुरकुरल्या, मग त्यांनीच एक छोटी ताटली वन्संसाठी ठेवायला सांगितली.

थंडी सरता सरता बाबा खंगत गेले. शेवटी शेवटी चमचाही उचलवेना. एका दुपारी त्यांनी दोन बोटांनी ताट सरकवलं. वन्संनी घास घेतला आणि थांबल्या. बाबांनी चमच्याकडे हात नेला नाही. फक्त पुन्हा ताटाकडे बोट केलं. वन्संनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. बाबा बघत होते.

कुणाला वाढायचं राहिलंय का, हे त्या दिवशी वन्संनी वळून पाहिलं नाही. ते बघत होते तोवर त्या जेवत राहिल्या, आणि ताटात काही ठेवलं नाही.