नसरीन मॅडम आणि माशांचा ताप

नसरीन मॅडम कुणाच्या नमस्काराला उत्तर देत नसत. "काम बोल," एवढंच. अंबडच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. माशांचे आजार हा त्यांचा खास विषय. कुणी अंदाजाने उत्तर दिलं की भर वर्गात विचारायच्या, "माशाला विचारून आलास का?" मला त्या आवडत नव्हत्या. कुणालाच आवडत नव्हत्या.

तरी शहागडजवळच्या आमच्या शेततळ्यात मासे मरायला लागले, तेव्हा फोन मी त्यांनाच केला. हिवाळा होता. मासे खोल पाणी सोडून उन्हाच्या कोपऱ्यात, उथळ पाण्यात दाटीने येऊन थांबले होते. माझा थोरला भाऊ आबा म्हणाला, "पाणी खराब झालंय, जीव गुदमरून राह्यलाय त्यांचा." नदीवरून आणलेल्या पाइपाचं तोंड त्याने नेमकं त्याच कोपऱ्यात सोडलं आणि मोटार चालू केली.

मॅडम आल्या. एक मेलेला मासा चिरून पाहिला, सरळ जाऊन मोटार बंद केली आणि फ्यूज काढून पर्समध्ये टाकला.

"ओ बाई, तळं माझं आहे!" आबा ओरडला.

"ताप त्यांचा आहे," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विषाणूचा आजार दिसून राह्यलाय. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती शेजारच्या पेशींना खबर देते. मंग त्या आपापली दारं लावून घेतात. हे जल्दी झालं तर मासा वाचतो. गार पाण्यात ते रखडतं. आपल्याला आतून ताप येतो, माशाला येत न्हाई, म्हणून तो ऊन शोधतो. अन् हे त्याच्या अंगावर गार पाणी ओतून राह्यले!"

आबाने त्यांना चोर म्हटलं. पोलिसांची धमकी दिली. मॅडम मोटारीशेजारच्या दगडावर बसून राहिल्या, थेट लाइट जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

मासे बरेच मेले. त्याहून जास्त वाचले. हळूहळू कोपरा सोडून तळ्यात पांगले. मधे एकदा आपण तळ्यात टाकलेल्या चुन्याने गुण आला, असं आबा गावभर सांगत सुटला. मॅडमच्या कानावर गेलं, तेव्हा म्हणाल्या, "सांगू दे. मासे ऐकत न्हाईत."

उन्हाळ्यात मात्र आबा एक मोठा मासा घेऊन त्यांच्या दारात गेला. मी सोबत होतो. मॅडमनी उंबऱ्यातूनच विचारलं, "पहिला मासा मेला, तेव्हा फोन का न्हाई केला?"

आबाने हातातला मासा नुसता पुढे केला.

"बराबर. हा घेऊन जा." दार लागलं. त्यानंतर आमच्या घरात त्यांचं नाव काढायची सोय राहिली नाही.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आबाला मी कळवलं नव्हतं, पण कब्रस्तानाच्या फाटकापाशी तो लांब उभा दिसला. परतताना जीपमध्ये एवढंच म्हणाला, "बाई लई वाईट होती." मग त्याने तोंड बाहेर फिरवलं, ते शहागड येईपर्यंत आत वळवलं नाही.